दगडू भोईरच्या खाटेवर

मानपाडा रोड संपता संपता, एमआयडीसीच्या धुराड्यांच्या अलीकडे, एक काचेचं हॉस्पिटल आहे. त्याला भलंमोठं नाव आहे, पण ते सांगितलंत तर रिक्षावाला तुम्हाला भलतीकडेच नेऊन सोडेल. ‘काचवालं’ म्हटलं की झालं. चारी बाजूंनी निळी काच. मे महिन्यात त्या काचेवरून परतणाऱ्या उन्हात समोरच्या गल्लीतल्या बायका पापड वाळवतात, आणि कावळे त्या इमारतीला वळसा घालून जातात. एक कावळा काचेत स्वतःला बघून इतका दचकला होता की पुढे तो माणसांतच बसायला लागला. खाली हॉस्पिटल, मागे डॉक्टर घडवायचं कॉलेज, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे एसीमुळे चहा टेबलावर पोचेपर्यंत त्याचं सरबत होतं, तिथे बसते लीडरशिप टीम.

हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. वॉर्डात सगळे त्यांना चौकडी म्हणत. चौघांत मुख्य ऋतुराज चौबळ, सीईओ. ट्रस्टींचा जावई, आणि त्याआधी ठाण्यातल्या एका मोठ्या मॉलचा मॅनेजर. डॉक्टर नव्हता, पण हल्ली बोलताना ‘आपण डॉक्टर लोक’ असं म्हणायला लागला होता. दुसरे डीन, डॉ. सुदेश वालावलकर, मूळचे वेंगुर्ल्याकडचे. जन्मभर तोंडी परीक्षा घेऊन घेऊन त्यांना कुठल्याही प्रश्नाचं दोन्ही बाजूंनी उत्तर द्यायची सवय लागलेली. तिसऱ्या डॉ. योगिनी केतकर, सर्जरीच्या प्रमुख. हात इतका हलका की पेशंट शुद्धीवर आल्यावर ‘कधी सुरू करणार?’ असं विचारायचे. आणि चौथ्या मेट्रन कलावती भालेराव. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की सलाइनचे थेंबसुद्धा वेळेवर पडायला लागत.

ऋतुराजनं आल्या आल्या एक नियम केला होता. पुरुषांच्या वॉर्डात एकदा सिस्टरनं ‘बाळाराम कोण?’ विचारलं तेव्हा तिघांनी हात वर केले होते आणि इंजेक्शन गेलं होतं झोपलेल्या चौथ्यालाच. तेव्हापासून प्रत्येक पेशंटच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी, पट्टीवर कोड, कोड मोबाइलनं वाचायचा, आणि मोबाइल दाखवेल तेच खरं. पेशंटला नाव विचारायचंच नाही. भिंतीभिंतीवर पाट्या लागल्या: माणसाला विचारू नका, पट्टीला विचारा. एका जुन्या सिस्टरनं सवयीनं एका म्हाताऱ्याला ‘बाबा, तुमचं नाव काय?’ म्हटलं, तर तिला मेमो मिळाला. खोटं कशाला बोला, चुका खरंच कमी झाल्या. ऋतुराजला त्यासाठी पुण्यात एका समारंभात शाल मिळाली.

पण शाल कितीही जाड असली तरी एका गोष्टीनं चौघांनाही हुडहुडी भरायची. ती म्हणजे तपासणी. कॉलेजची मान्यता टिकवायची तर वरून तपासनीस येणार, आणि त्यांना खाटा भरलेल्या दिसायला हव्यात, ऑपरेशनं चालू दिसायला हवीत. नाही दिसली, तर पुढच्या वर्षीची मुलं गेली. आणि काचवाल्यातल्या खाटा काही केल्या भरत नसत. त्या थंड काचेत शिरायचीच लोकांना भीती वाटे. त्यामुळे तिथे एक रिवाज पडून गेला होता. तपासणीच्या सुमाराला मुरबाड-शहापूरकडून ‘मोफत शिबिरा’च्या बसगाड्या यायच्या, धडधाकट माणसं खाटांवर झोपायची, पोटभर जेवायची, तपासनीस गेले की अंगावरची चादर घडी करून ठेवून परत जायची. सगळ्यांना ठाऊक. बोलत कुणीच नसे.

त्या वर्षी बसगाड्या निघाल्या आणि कल्याणच्या पलीकडेच अडकल्या. एक ट्रेलर रस्त्यावर असा आडवा पडला होता की पलीकडचं जग दिसेना. आणि तपासनीस, डॉ. हिरेमठ, सोलापूरकडचे, ते मात्र कसे कोण जाणे सकाळीच दारात हजर. बारीक अंगाचे, कोपरापर्यंत बाह्यांचा खादीचा शर्ट, हातात एक कापडी पिशवी. स्वागताचा गुच्छ त्यांनी पिशवीत ठेवला आणि ‘बरं’ एवढंच म्हणाले. डीनसाहेब सांगत की तो एक शब्द त्यांना एमडीच्या परीक्षेतल्या सगळ्या प्रश्नांहून अवघड गेला.

डीननी तपासनिसांना चहाला बसवलं आणि वर तिघांना फोन केला. पुरुषांचा वॉर्ड अर्धा मोकळा आहे, काय करायचं ते आत्ता करा. ऋतुराजनं क्षणभर विचार केला आणि हुकूम सोडला: हाफिसातले सगळे पुरुष, कॅन्टीनवाले, लिफ्टवाले, सगळ्यांनी गाऊन घालून खाटांवर जायचं. डॉक्टरांना जाता येणार नव्हतं, त्यांचे चेहरे हजेरीच्या यंत्रात नोंदलेले. पण त्याचा स्वतःचा चेहरा कुठेच नोंदलेला नव्हता. लीडरनं पुढे राहायचं असतं, असं तो मॉलमध्ये शिकला होता. त्यानं सूट उतरवला आणि मागून नाड्या बांधायचा हिरवा गाऊन चढवला.

अडचण आली ती पट्टीची. तपासनीस स्वतःच्या मोबाइलवर पट्ट्या वाचणार, आणि दाखल नसलेल्या पेशंटची पट्टी कॉम्प्युटर छापेना. तसं ऋतुराजनंच करून घेतलं होतं. बाकीच्यांना जुन्या, घरी गेलेल्या पेशंटच्या पट्ट्या कशाबशा काढून दिल्या. ऋतुराजच्या वाट्याला जी आली ती मात्र घरी गेलेल्याची नव्हती, पळून गेलेल्याची होती. दगडू भोईर, पलीकडच्या गावातला, भाजीचा टेम्पो चालवणारा, वय साधारण ऋतुराजएवढंच. पित्ताशयात खडे. त्या दिवशी सकाळी त्याचं ऑपरेशन होतं. पहाटे नर्सनं पोट साफ करायचं औषध आणलं तेव्हा दगडू खिडकीशी उभा होता. ती ग्लास भरायला वळली आणि परत बघते तर खिडकीशी नुसता पडदा. कुणी म्हणतं तो जिन्यानं गेला, कुणी म्हणतं पाइपावरून. गाऊन मात्र त्यानं नेला. कॉम्प्युटरला हे कुणी कळवलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या लेखी दगडू खाटेवरच होता, उपाशीपोटी, तयार.

ऋतुराज खाटेवर आडवा झाला तेव्हा त्याला मजाच वाटत होती. शेजारच्या खाटेवर कॅन्टीनचा बंटी कण्हत होता, आणि इतकं छान कण्हत होता की ऋतुराजनं त्याला हळूच म्हटलं, थोडं कमी कर.

मग दार उघडलं. पुढे डॉ. हिरेमठ, मागे डीन, योगिनी आणि कलावती. हिरेमठ एकेका खाटेशी थांबत, पट्टी वाचत, ‘बरं’ म्हणत आणि पुढे जात. ऋतुराजच्या मनगटावर त्यांनी मोबाइल धरला, वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी दुसरं वाक्य उच्चारलं.

“यांचं ऑपरेशन आजच आहे. छान. हेच बघू आपण.”

वॉर्डात बंटीचं कण्हणंसुद्धा थांबलं. ऋतुराजला वाटलं, आता डीन काहीतरी बोलतील. डीन बोललेही. पेशंटला सकाळी कुणीतरी चहा दिला असावा असं वाटतं, म्हणजे दिला असेल किंवा नसेलही, पण उपाशी नसेल तर भूल देणं बरं नाही, असं त्यांनी दोन्ही बाजूंनी मांडलं. हिरेमठ खाली वाकले आणि ऋतुराजलाच विचारलं, काही खाल्लंत का सकाळपासून.

आता ऋतुराज दुपारी एकपर्यंत काही खात नसे. वजन, चरबी, मेंदूची धार, असं काहीबाही तो त्याबद्दल सगळ्यांना ऐकवायचा, भेटेल त्याला ऐकवायचा. प्रश्न कानावर पडला आणि अभिमानानं मान हलली. नाही. पाणीसुद्धा नाही. मान हलून गेल्यावर त्याला समजलं की आपण काय केलं.

“बरं,” हिरेमठ म्हणाले.

ट्रॉली आली. छत सरकायला लागलं. वर्षभर आपण या कॉरिडॉरमधून चालतो, पण इथल्या दिव्यांत मेलेल्या माश्या आहेत हे आपल्याला कधी दिसलं नव्हतं, असं ऋतुराजच्या मनात आलं. लिफ्टमध्ये योगिनी त्याच्या कानाशी आली. तिनं झरझर सांगितलं: घाबरू नका, चार बारीक छिद्रं, तीसुद्धा नुसती कातडीपुरती, टाके घालते आणि सोडते, काही कळणार नाही. ऋतुराजनं डोळे मिटून होकार दिला. कातडीपुरतं. कातडी काय, परत येते.

थिएटरच्या दारात हिरेमठ उभे होते. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, फक्त डोळे. त्यांनी योगिनीला विचारलं की दुर्बिणीनं करणार ना, मग पोटातलं सगळं पडद्यावर दिसेल, मी शेवटपर्यंत थांबतो. मला पित्ताशय ट्रेमध्ये बघायला आवडतं. योगिनीच्या चेहऱ्याचा रंग मास्कच्या वरच्या पट्टीतसुद्धा उतरलेला दिसला.

मग ते ऋतुराजकडे वळले. आवाज मऊ होता.

“भीती वाटते का हो? काही सांगायचंय?”

हा प्रश्न ऋतुराजला पुढे आयुष्यभर ऐकू येत राहिला. एक वाक्य. मी दगडू नाही. बस, एवढंच. पण त्या एका वाक्यामागे त्याला सासरे दिसले, बंद झालेलं कॉलेज दिसलं, वर्तमानपत्र दिसलं, आणि वर्तमानपत्रात मागून नाड्या बांधलेला स्वतःचा गाऊन दिसला. त्यानं डीनकडे बघितलं. डीन योगिनीकडे बघत होते. योगिनीची मुलगी सान्वी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. योगिनी दाराच्या कडीकडे बघत होती. कुणीतरी बोलेल, ऋतुराजनं स्वतःला सांगितलं. इतकी शहाणी माणसं आहेत. त्यानं मान हलवली. नाही, काही सांगायचं नाही.

आत भूल देणारे डॉक्टर बाहेरून आलेले होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी पट्टी वाचली, समाधानानं हुंकार दिला आणि सुई टोचली. तेव्हा कुठे ऋतुराजच्या छातीत जे उसळलं ते त्याच्यानं थोपवेना. तो उठायला गेला आणि म्हणाला की मी दगडू नाही, मी या हॉस्पिटलचा सीईओ आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याला प्रेमानं परत आडवं केलं. म्हणाले, हो ना, मागच्या आठवड्यात एक जण कलेक्टर होता. दीर्घ श्वास घ्या.

जागा झाला तेव्हा काचेतून दुपारचं निळं ऊन येत होतं. हात आपोआप पोटावर गेला. चार ठिकाणी चिकटपट्ट्या. बेंबीशी ठणका. योगिनी खाटेशेजारी बसली होती, आणि तिच्या बसण्यावरूनच त्याला कळलं. तरी त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की हिरेमठ तिच्या खांद्यापाशी उभे होते, पडद्याला नाक लावून. कॅमेरा आत गेला. आत सगळं गुलाबी, स्वच्छ, पाठ्यपुस्तकातल्यासारखं. ते म्हणाले, खडे असून फार निरोगी दिसतंय, काढा बघू. आणि हात चालत राहिले.

डीन पायाशी उभे होते. पित्ताशयावाचून माणसं उत्तम जगतात, असं ते म्हणाले, आणि या वेळी दुसरी बाजू मांडली नाही.

ऋतुराज चिडला नाही. चिडायलासुद्धा पोटात काहीतरी लागतं. त्यानं कलावतीबाईंना एवढंच विचारलं की तुमच्यापैकी कुणीच कसं बोललं नाही. त्या खाटेची चादर नीट करत होत्या. हात थांबवून म्हणाल्या:

“मी डीनसाहेबांच्या तोंडाकडे बघत होते. साहेब मॅडमच्या तोंडाकडे. मॅडम त्या पाहुण्याच्या. आणि सर, तुम्ही तर दारापर्यंत शुद्धीवर होतात की.”

तपासणी अजून दुसऱ्या दिवशीही चालणार होती, म्हणून ऋतुराज दगडूच्या पट्टीसकट दगडूच्याच खाटेवर राहिला. बसगाड्या आल्या, खाटा भरल्या, बंटी कॅन्टीनला परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाताची पेज पिऊन ऋतुराज भिंतीला धरून चालायचा सराव करत होता, तेव्हा तिघं एकदम वॉर्डात आले. कलावतीबाईंच्या चपलांचा आवाज नव्हता. त्या धावत आल्या होत्या, अनवाणी.

खाली कॅज्युअल्टीत दगडू भोईर आला होता. खरा.

घरी पळाल्यावर त्यानं भजी खाल्ली होती, सुटल्याच्या आनंदात. पोटात जे धरलं ते सुटेना. त्याची बायको रंभा हिनं त्याला टेम्पोत मागे भाजीच्या पोत्यांवर घालून आणला होता. ड्यूटीवर डॉ. पायल होती, नवी मुलगी, चांगली. तिनं दगडूचं हॉस्पिटलचं कार्ड यंत्रात घातलं, तर कॉम्प्युटर म्हणाला, हा पेशंट वरच्या वॉर्डात आहे आणि काल याचं पित्ताशय काढलंय. तिनं दगडूच्या पोटावर बघितलं, एकही टाका नाही. पट्टी छापेना. पट्टी नाही तर सोनोग्राफी नाही, रक्त नाही, थिएटर नाही. दुसऱ्याच्या कार्डावर उपचार करून घ्यायला येणारे लोक तिनं पाहिले होते. तिनं नियमाप्रमाणे सिक्युरिटीला बोलावलं, तरी मनातून राहवेना म्हणून मेट्रनना फोन केला.

कलावतीबाईंनी त्याचं पोट चाचपलं होतं. लाकडासारखं कडक. अंगात ताप. योगिनी म्हणाली, त्याच्या पित्ताशयात पू झालाय, केव्हाही फुटेल, आत्ता उघडलं पाहिजे.

डीनचा सल्ला होता की गुपचूप दुसऱ्या नावानं दाखल करून घ्यावं. तो प्रयत्न झाला होता. कलावतीबाईंनी रंभाला बाजूला घेऊन सांगितलं की कार्डात गडबड आहे, आपण ह्यांचं नाव भगवान लिहू. दगडूनं बाकावर वेदनेनं वाकड्या झालेल्या तोंडानं ते ऐकलं आणि नकार दिला. माझ्या आईची आधीची तीन गेली तेव्हा जगावं म्हणून दगडू नाव ठेवलंय, मरायच्या वेळी ते सोडू काय, असं तो म्हणाला. रंभानं तर सगळ्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की भगवान मेला तर मी दगडूची विधवा का भगवानची. आता दुसरा मार्ग म्हणजे अँब्युलन्समध्ये घालून कल्याणला पाठवणं. हिरेमठ मागे कॉलेजच्या लायब्ररीत होते, तिथून थेट कॅज्युअल्टीतच येणार होते. त्यांच्या आधी दगडूला हलवलं पाहिजे.

“वाटेत फुटेल,” योगिनी म्हणाली.

डीन कलावतीबाईंकडे बघत होते. कलावतीबाई योगिनीकडे. योगिनी खिडकीकडे. ऋतुराजनं ती शांतता ओळखली. काल तो त्या शांततेच्या खालच्या बाजूला होता, पाठीवर झोपलेला, आणि तिच्यात किती जागा असते हे त्याला माहीत होतं. अख्खा माणूस मावतो. काल मावला होता.

तो इतका घाबरला की त्याचे दात वाजायला लागले. आणि तसाच, दात वाजवत, भिंत धरत तो निघाला. मागून डीन हाका मारत होते, सर, टाके, सर. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. जिन्याच्या प्रत्येक पायरीला बेंबीशी कुणीतरी चिमटा काढत होतं. कॅज्युअल्टीचं दार ढकललं तेव्हा दोन सिक्युरिटीवाले दगडूला व्हीलचेअरवर घालून बाहेर नेत होते. दगडू मोठ्या हाडाचा, पण दुमडून पोत्यासारखा झाला होता. अंगात अजून काचवाल्याचाच हिरवा गाऊन, त्यावर रंभाची शाल. रंभा खुर्चीचं चाक दोन्ही हातांनी धरून बसली होती, फरफटत. आणि समोरच्या दारातून, कापडी पिशवी घेऊन, डॉ. हिरेमठ आत येत होते.

ऋतुराजला ते दिसले. पाय थांबले. अजून वेळ होता. वळलं तर वळता येत होतं. एक हिरवा गाऊन, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तेवढ्यात दगडू कण्हला. तो आवाज बंटीच्या कण्हण्यासारखा अजिबात नव्हता.

ऋतुराजनं गाऊन वर केला. भर कॅज्युअल्टीत, पायल, सिक्युरिटी, रंभा आणि बाकावरच्या पंधरावीस पेशंटांसमोर त्यानं पोट उघडं केलं आणि चारही चिकटपट्ट्या दाखवल्या.

“त्याला सोडा. दगडू भोईर तोच आहे. त्याचं पित्ताशय त्याच्याच पोटात आहे. काल काढलंत ते माझं.”

पायलच्या हातातला मोबाइल खाली पडला. सिक्युरिटीवाल्यांतला एक जण सीईओला ओळखत होता. त्यानं सवयीनं सलाम ठोकला, आणि त्या सलामानं उरलंसुरलं सगळं सांगून टाकलं. हिरेमठांनी चष्मा काढला. ऋतुराजकडे बघितलं, मग त्याच्या मागे धापा टाकत पोचलेल्या तिघांकडे, एकेकाकडे, सावकाश. त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी योगिनीला सांगितलं, आधी पेशंट घ्या, बाकीचं नंतर. योगिनी खुर्ची घेऊन पळालीच. मग ते डीनना म्हणाले की पुढच्या वर्षीची मुलं तुम्हाला मिळणार नाहीत, एवढं धरून चाला. आणि काल माझ्या डोळ्यांसमोर जे झालं त्याबद्दल मलाही कुठेतरी जाब द्यायला उभं राहावं लागणार आहे. ते बाकावर, पेशंटांच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसले. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिले. त्यांनाही भीती वाटते हे डीनना तेव्हा प्रथम समजलं.

वर थिएटरच्या दारात ट्रॉली क्षणभर थांबली. भूल देणारे डॉक्टर आत तयार होते, आणि आज ते पेशंटला स्वतःच नाव विचारत होते, पुन्हा पुन्हा, आणि रंभालाही विचारत होते. ऋतुराज जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. दगडूनं त्याला बोटानं जवळ बोलावलं. त्याचा मोठा, तापलेला हात ऋतुराजच्या मनगटाभोवती आवळला.

“तूच का रं तो, माज्या खाटवर झोपलेला?”

ऋतुराजनं हो म्हटलं.

“मंग खरा सांग माना. दुखतं का?”

डॉक्टर लोक अशा वेळी काय म्हणतात ते ऋतुराजला माहीत होतं. मुंगी चावल्यासारखं. काही कळणार नाही. तोंडाशी आलं होतं ते.

“दुखतं,” तो म्हणाला. “हसलं की जास्त.”

दगडूनं यावर विचार केला. दारातून आतला पांढरा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला होता.

“मंग तू भायेरच रा,” तो म्हणाला. “तुझा पोट आठवला का माना हसू येतंय.”

ट्रॉली आत गेली. रंभानं पदर तोंडाला लावला आणि ती भिंतीशी खाली बसली. ऋतुराजही, पोट धरून, टाक्यांना सांभाळत, हळूहळू तिच्या शेजारी बसला, दार उघडायची वाट बघत.